‘घेऊ की’ म्हणणारे घेत का नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ल्यात पर्यावरणपूरक वस्तूंचं दुकान काढायचा तुमचा विचार आहे. त्याआधी तुम्ही शे-दीडशे घरांत जाऊन फॉर्म भरून घेतलेत. ‘प्लॅस्टिकऐवजी टिकाऊ पर्याय मिळाला तर घ्याल का?’ याला बहुतेकांनी हो म्हटलं, चार पैसे जास्त द्यायचीही तयारी दाखवली. मग जत्रेत दोन दिवस टेबल लावलंत, तर माल घेतला तो बाहेरून आलेल्यांनी. गावातले लोक वस्तू हाताळून, कौतुक करून पुढे गेले. तुम्ही विचारताय की लोक खोटं बोलले का, आणि राहणीमान आणि वृत्ती यांचा खरेदीवर नेमका किती परिणाम होतो.

खोटं कोणी बोललं नाही. दारात आलेल्या मुलीला कोण म्हणेल, मला पर्यावरणाचं काही पडलेलं नाही? आणि खरंच पडलेलं असतं लोकांना. पण फॉर्ममध्ये तुम्ही मत विचारलंत, आणि टेबलावर त्यांच्या मोरीतली, ओट्यावरची, गाडीच्या डिकीतली सवय बदलायला सांगितलीत. ही दोन वेगळी कामं आहेत. मी कुडाळला गेली बावीस वर्षं काथ्या, करवंटी, बांबू, विरीची म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडख्याची ताटं, आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस, आमसुलं असला माल विकते, तारकर्ली-देवबागच्या काही होमस्टेंनाही पुरवते. त्यातून जे कळलं ते सांगते.

एक मे महिन्यातली दुपार. काउंटरवर सोडणाच्या घासण्या ठेवल्या होत्या. नारळाचं सोडण भिजवून, कुटून, काथ्या मोकळा करून त्याचा मुठीत मावेल एवढा गोळा घट्ट बांधायचा, ती घासणी. किंमत चाळीस रुपये. जवळच्या वाडीतल्या एक मावशी आल्या, घासणी उचलली, दाबून बघितली. “ह्यां कितक्याक?” मी सांगितलं. मावशी हसल्या. “आमच्याकडे सोडणां चुलीत जळतत. ती मी इकत कित्याक घेव?” आणि दहा रुपयांची हिरवी घासणी घेऊन गेल्या. अर्ध्या तासाने ठाण्याच्या एक बाई आल्या. त्यांनी चार घेतल्या, आजी अशाच घासणीने भांडी घासायची असं दोनदा सांगितलं, घासणी हातात धरून फोटो काढला.

आता तुमच्या फॉर्मच्या हिशेबाने ठाण्याच्या बाई जागरूक ग्राहक आणि मावशी उदासीन. प्रत्यक्षात मावशींच्या घरचा कचरा महिन्याला एक पिशवी भरत नाही. खरकटं गुरांना, सालं माडाच्या बुंध्यात, डबा फुटला तर त्यात तुळस. ठाण्याच्या बाई पाचशे किलोमीटर गाडीने आल्या होत्या. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझं दुकान त्यांच्यावर चालतं. पण राहणी कोणाची हलकी आणि खरेदी कोणाची ‘हिरवी’, हे दोन वेगवेगळ्या माणसांकडे निघतं, आणि तुम्ही फक्त दुसरं मोजलंत.

मावशींना घासणी का नको होती, हे मला उशिरा कळलं. त्यांच्या लेखी सोडण आणि राख म्हणजे काळीकुट्ट टोपं, परसातला दगड, पहाटे थंड पाण्यात हात. त्यातून त्या सुटल्या आहेत. हिरवी घासणी आणि साबणाची वडी हे त्यांच्या घरात आलेलं सुख आहे. ठाण्याच्या बाईंना तीच वस्तू सुट्टीतला गाव आठवून देते. तेव्हा वृत्ती म्हणजे पर्यावरणाबद्दलचं मत एवढंच धरू नका. ही वस्तू वापरताना मी कोण दिसते, पुढे गेलेली की मागे पडलेली, हे त्यात जास्त असतं. (त्या मावशी आता आमच्यासाठी घासण्या बांधतात. हात फार चांगला आहे त्यांचा. स्वतःच्या मोरीवर अजून हिरवीच आहे.)

अभ्यासकांनी याची मांडणी बरीच आधी केली आहे. आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये सांगितलं की माणूस एखादी गोष्ट करायचं ठरवतो ते तीन गोष्टींवर: त्याला ती बरी वाटते का, आपली माणसं काय म्हणतील, आणि ती आपल्याला जमेल का. तुमच्या फॉर्ममध्ये फक्त पहिली आली. माझ्या अनुभवात आपल्याकडे पहिलीची अडचण जवळजवळ नसतेच. घोडं अडतं ते दुसरीवर आणि तिसरीवर.

तिसरीचा धडा मला बांबूच्या ब्रशांनी दिला. २०१९ मध्ये एका पुरवठादाराकडून बांबूच्या दांड्याचे टूथब्रश आणले. एप्रिल-मेमध्ये छान खपले. मुंबईकर घेत होतेच, पण गावातले शिक्षक, बँकेतले लोकही घेऊन गेले. पहिल्यांदा वाटलं, जमलं. जुलैत एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांनी घरातल्या सगळ्यांसाठी ब्रश नेले होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेले ते ब्रश त्यांनी काउंटरवर उलगडले. केसांच्या खाली, जिथे पाणी साचतं तिथे, दांडा काळा पडला होता. एकाला बोटाने खरवडलं तर बुरशी नखात आली. चूक माझीच. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, न्हाणीघरातला टॉवेल तीन दिवस ओला राहतो, आणि ब्रश सगळ्यांचे मिळून एका मगात उभे असतात. कोरड्या हवेतल्या, खिडकीच्या न्हाणीघरासाठी बनवलेली वस्तू मी मालवणी पावसात विकली. बाई ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला पटतं हो सगळं, पण हे नातवाच्या तोंडात कसं घालू?” पैसे परत दिले. पण त्यानंतर दोन वर्षं त्यांनी माझ्याकडची माणग्याची, म्हणजे इथल्याच बांबूची, तांदूळ धुवायची रोवळीसुद्धा घेतली नाही. खरं तर आपला माणगा बांबू नीट वाळवला की वर्षानुवर्षं टिकतो. एका ब्रशाने सगळा बांबू बदनाम केला.

चांगली वृत्ती असलेला ग्राहक असा गमावला की फार जपून परत येतो, कारण त्याने आधी विश्वासावर घेतलेलं असतं. तेव्हापासून कोणतीही नवी वस्तू जून ते सप्टेंबर माझ्या न्हाणीत आणि मोरीवर राहते, मगच दुकानात जाते. कागदी आणि गवताच्या स्ट्रॉ, एका प्रकारचा लाकडी कंगवा, कापडात बांधलेला साबण, सगळे पावसाने नापास केले.

दुसरी गोष्ट, आपली माणसं काय म्हणतील. ती बघायची तर गणपतीत बघा, तिथे ती तिसरीत मिसळलेली दिसते. आपल्याकडे अजून बऱ्याच घरांतून पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, दिला जातो, त्याच पाटावर मूर्ती घडते. पूर्वी ती मातीचीच असे. मग प्लॅस्टर ऑफ पॅरिस आलं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लॅस्टर नको म्हटलं, शाळा-कॉलेजांतून पत्रकं वाटली गेली. माझ्या ओळखीच्या एका घराने ती सगळी पत्रकं वाचली, पटली, आणि तरी प्लॅस्टरचाच गणपती आणला. मी विचारलं तर यजमान म्हणाले, वजन. विसर्जनाला मूर्ती डोक्यावरून मळ्यातून न्यायची, भाद्रपदात बांध शेवाळलेला, दोघे भाऊ मुंबईला, रजा मिळाली तर येणार, आणि यांचं वय सत्तरीकडे झुकलेलं. मातीची दोन फुटी मूर्ती दोघांना जड. प्लॅस्टरची एकटा माणूस उचलतो. इथे पर्यावरणावर व्याख्यान देऊन काय होणार होतं?

दोन वर्षांनी ते घर मातीवर परत आलं, ते दोन कारणांनी. एक, व्हाळाचं म्हणजे ओढ्याचं पाणी लवकर ओसरलं आणि विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आजी कपडे धुवायला गेल्या तेव्हा वाळूत मूर्तीचा हात आणि अर्धा मुकुट तसाच पडलेला. आजींनी तो पदरात घेतला आणि घरी येऊन रडल्या. प्रदूषण हा शब्द त्यांच्या तोंडी एकदाही आला नाही. दोन, मूर्तिकाराने तोडगा काढला: मूर्ती चार बोटं बुटकी, प्रभावळ सुटी, पाट अरुंद. वजन एका माणसाच्या आवाक्यात आलं. शेजारच्यांनी आधी नाक मुरडलं, देव लहान केला म्हणून. तिसऱ्या वर्षी त्याच वाडीतल्या आणखी घरांनी तेवढीच मूर्ती सांगितली. माझ्या मते यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस मूर्तिकार. लोकांना पटवायला तो गेला नाही, त्याने वजन कमी केलं.

माटवीचंही तसंच, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं. कवंडळं, शेरवडं, हरणं, सुपारीचं शिप बांधलेली माटवी ज्या घरात उरली तिथे ती टिकाऊ वस्तू म्हणून उरलेली नाही. तिच्याशिवाय गणपती बसल्यासारखा वाटत नाही, म्हणून उरली.

पिशव्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना निघाली, जूनअखेर दंड सुरू झाले. पहिले काही आठवडे बाजारात कापडी पिशव्याच पिशव्या. मग हळूहळू पातळ पिशव्या परत आल्या. मी तेव्हा नीट बघितलं: आठवडा बाजाराला ठरवून येणारे लोक पिशवी आणतच होते, बंदीच्या आधीही आणि नंतरही. न आणणारे म्हणजे ऑफिसमधून सुटून दुचाकीवरून जाता जाता थांबणारे. त्यांची वृत्ती वाईट नाही, त्यांची खरेदी ठरलेली नसते. त्यांच्यासाठी मी घडी घालून डिकीत राहणारी पिशवी शिवून घेतली, ती चालली. बाकी कापडी पिशव्या मी आता विकत नाही. हळदीकुंकवाचं वाण म्हणून, लग्नाचा आहेर म्हणून आलेल्या पिशव्यांनी लोकांची कपाटं भरली आहेत. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये हिशेब मांडला होता, त्यात साधी सुती पिशवी नुसत्या हवामानाच्या निकषावर प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ५२ वेळा वापरावी लागते. आमच्या घरातली निम्मी वाणं पाच वेळाही बाहेर पडलेली नाहीत. आणि कापडी पिशवीत बांगडे कोण नेणार? त्याला डबाच लागतो. जुन्या बायका तो घेऊनच बाजारात येतात.

बांगड्यावरून मासळीकडे येते. तुमच्या विषयात ती नाही असं वाटेल, पण समुद्रकाठी टिकाऊ वस्तूंची चर्चा मासळी सोडून करणं मला पटत नाही. पावसाळी मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. कायदा नव्हता तेव्हाही होड्या नारळी पौर्णिमेपर्यंत ओढलेल्या असत आणि श्रावणात अर्ध्या घरांत चूल शाकाहारी असे. कोणाची पर्यावरणवृत्ती तपासायची गरजच नव्हती, पंचांग आणि दर्या मिळून काम करत होते. आता राहणी बदलली. फ्रीज आला, बारमाही पर्यटक आला, आणि थाळी आली.

थाळीकडे नीट बघा. ठरलेल्या दरात ताटात अख्खं पापलेट मागतात लोक. तुकडी दिली तर फसवल्यासारखं वाटतं. त्या दरात ताटात बसेल एवढं पापलेट म्हणजे लहान पापलेट, बऱ्याचदा एकदाही अंडी न घातलेलं. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिले, त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झालं. पण ताटाचा आकार आणि अख्ख्याचा मान यांनी मागणी आधीच ठरवलेली असते. आमच्या एका होमस्टेवाल्याने ‘पापलेट थाळी’ पाटीवरून काढून ‘आजची मासळी’ एवढंच लिहिलं. सौंदाळे, मोदकं, तारली, जे आलं ते. पहिल्या महिन्यात दोन कुटुंबं उठून गेली. आता लोक फोन करून विचारतात, आज काय आहे? अख्खं मिळण्याचा मान त्याने ताजं मिळण्याच्या मानात बदलला. समुद्र वाचवा वगैरे त्याने पाटीवर कुठेही लिहिलेलं नाही.

होमस्टेवरून आणखी एक. टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशी पाटी तुम्ही पाहिली असेल. २००८ मध्ये अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डीनी आणि ग्रिस्केविशियस यांनी हॉटेलातल्या या पाट्या बदलून पाहिल्या. ‘पर्यावरण वाचवा’ असं लिहिलं तेव्हा सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ लिहिलं तेव्हा सुमारे ४४ टक्के. मी हे देवबागच्या एका ताईंना सांगितलं. त्यांनी पाटीच काढली आणि व्हरांड्यात दोरी बांधून वर चिमटे ठेवले. शेजारच्या खोलीतल्यांचे टॉवेल दोरीवर दिसले की नवे पाहुणेही तिथेच टाकतात. पावसाळ्यात अर्थात हे चालत नाही.

माझा फसलेला आणखी एक प्रयोग तुमच्या उपयोगाचा आहे, कारण तुम्ही तो करणारच. आगळ प्लॅस्टिकऐवजी काचेच्या बाटलीत, वीस रुपये ठेव, बाटली आणली की पैसे परत. पर्यटकांनी कौतुक करकरून घेतल्या, आणि बाटल्या गेल्या त्या गेल्या. काही रेल्वेत फुटल्या, एकीचा बॅगेतला लाल कोकमी डाग मला व्हॉट्सअ‍ॅपवर बघायला मिळाला. गावातली घरं मात्र बाटली धुऊन, उलटी वाळवून परत आणत होती, ठेव परत मागायला विसरूनसुद्धा. जे कौतुक करत नव्हते त्यांच्याकडे ही गोष्ट बसली, कारण त्यांचा माझ्या दारावरून जायचा रस्ता होता. परत भरून घ्यायची कोणतीही वस्तू स्थानिकासाठीच ठेवा. पर्यटकाला कोरडी, न फुटणारी, हलकी वस्तू द्या: आमसुलं, करवंटीचा डाव, विरीची ताटं.

लेबलांबद्दल. ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘हरित’ असले शब्द आता पुराव्याशिवाय छापू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. लहान शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल आणि वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर सेंद्रिय मालाला प्रमाणपत्राची सक्ती नाही, पण जैविक भारत हे सेंद्रिय मालाचं सरकारी चिन्हही लावता येत नाही. यात ग्राहकाची वृत्ती मोठी गमतीची असते. हापूस घेताना पहिला प्रश्न, “कार्बाइडचा नाही ना?” आणि लगेच पेटीतून एकसारखा पिवळा, डाग नसलेला आंबा उचलतात. पेंढ्यातल्या अढीत पिकलेला आंबा असा एकसारखा नसतो, देठाकडे हिरवट राहतो, साल सुरकुतते. कान एक मागतो, डोळा दुसरं मागतो. इथे वाद न घालता मी एक फळ कापते आणि वास घ्यायला देते. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तो कागद माझ्या दुकानात भिंतीवर आहे. त्याच्याकडे बघून खरेदी केलेला माणूस मला आठवत नाही.

आता तुमच्या दुकानाचं. वेंगुर्ल्यात ग्राहक तीन प्रकारचे असतील, आणि एकाच मांडणीत तिघांना खूश करायला जाऊ नका. मेमध्ये आणि गणपतीत येणारे चाकरमानी चवीसाठी आणि आठवणीसाठी घेतात. पर्यटक दाखवण्यासाठी घेतात, त्यात वाईट काही नाही. गावातली माणसं काम सोपं झालं आणि कमीपणा आला नाही तरच घेतात. त्यांना घासणी विकायची तर आजीच्या काळातली म्हणून विकू नका. नॉनस्टिकला ओरखडा पडत नाही म्हणून विका, ते खरंही आहे. गावात ज्यांचा शब्द चालतो अशी दोन-तीन घरं धरा, त्यांना वापरायला द्या, गप्प बसा.

फॉर्म घेऊन पुन्हा जाणार असाल तर ‘घ्याल का’ हा प्रश्न काढून टाका. मेच्या मध्यावर जा आणि विचारा, आगोटीला, म्हणजे पावसाच्या बेगमीला, घरात काय काय भरलंत, कुठून आणलंत, कशात भरलंत. सुकी मासळी, तांदूळ, आमसुलं, मीठ, मसाला. ही वर्षातली एकच खरेदी अशी आहे की ती आधी ठरवून, मोठ्या मापात होते आणि घरातल्याच बरण्या-डब्यांत भरली जाते. बायका बरण्या उघडून दाखवतील. झाकणं नीट बघा, बहुतेक घरांत ती बसत नसतात. माझ्याकडे पावसाआधी सगळ्यात जास्त मागणी असते ती जुन्या चिनी मातीच्या बरण्यांवर बसणाऱ्या लाकडी झाकणांची, आणि ती पुरेशी मिळत नाहीत.